गुरुवारी जड, सोमवारी हलकं

गुरुवार, १० एप्रिल

दहा वर्षांहून जुनी गाडी चालवणाऱ्या माझ्या मुंबईकर बंधू-भगिनींनो! तुमच्या आणि माझ्या छातीत एकच शल्य आहे. हॉर्न वाजेना म्हणून गॅरेजात जावं, तर मेकॅनिक बॉनेटही न उघडता म्हणतो, "साहेब, आता काढून टाका." काच वर जात नाही? काढून टाका. आरसा हलतो? काढून टाका. सत्तरीच्या माणसाबद्दल डॉक्टर असं बोलला तर आपण त्याला कोर्टात खेचू. गाडीबद्दल मात्र आपण निमूट मान डोलावतो आणि

इथे थांबतो. ही वही आहे, सभा नाही, असं दौलतने आज बजावलं आहे.

घडलं ते असं. सकाळी ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीतून गाडी काढली. सुरू होताना ती दोनदा खोकली. वय झालं आहे, मीही खोकतो. नाक्यावर डावीकडे वळायला गेलो तर स्टिअरिंग जात्यात ओलं धान्य घातल्यासारखं जड. समोर पिवळा दिवा लागला. दात-ओठ खाऊन गाडी वळवली. भायखळ्याचा पूल उतरेपर्यंत दंडात गोळे आले. चिंचपोकळीच्या सिग्नलला गाडी बंद पडली, पुन्हा सुरू केली, आणि दिवा गेला, स्टिअरिंग लोण्यासारखं. दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरावा तसं.

दौलत परब याचं लालबागच्या गल्लीत गॅरेज आहे. गाळा एवढासा, की गाडीचं तोंड आत गेलं की शेपूट रस्त्यावर राहतं. त्याने विचारलं, "काय होतंय?" मी साधारण वीस मिनिटं सांगितलं. यंत्र आणि माणूस यांच्या नात्याचा थोडक्यात आढावा घेतला. तेवढ्यात त्याने एका टॅक्सीचा पट्टा बदलला.

"झालं, भाऊ? आता भाषण राहू दे. वही घाला. कुठल्या दिवशी जड, किती वाजता जड, आदल्या दिवशी गाडी कुठे होती. एवढंच लिवा. मत नको."

"मत नको म्हणजे?"

"म्हंजे मत नको."

गाडीला जूनमध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतात. पुन्हा पासिंग करावं लागेल. आमचे चिरंजीव अभिषेक दादरला राहतात. त्यांनी फोनवर निकाल दिला: "पप्पा, चालत्या गाडीचं स्टिअरिंग जड होणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. मेच्या पंधरापर्यंत कारण सापडलं नाही तर गाडी विकायची."

बेबीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, हे सांगितलं. ती कोलंबी सोलत होती. एक कोलंबी तिने दोनदा सोलली.

शुक्रवार, ११ एप्रिल

दौलत चांगला माणूस आहे, पण त्याला घाई नाही. मी ऑपेरा हाऊसजवळच्या एका काचेच्या गॅरेजात गेलो. आत सोफा, कॉफी, गळ्यात ओळखपत्र घातलेला तरुण. त्याने पाच मिनिटांत निदान केलं: पॉवर स्टिअरिंगचं ऑइल कमी झालं होतं. भरून दिलं. परत येताना स्टिअरिंग एकदम हलकं. याला म्हणतात ज्ञान! वही बंद करायला हरकत नाही.

रविवार, १३ एप्रिल

वही उघडावी लागली. सकाळी साडेनऊ, अभिषेककडे जाताना, जड. पिवळा दिवा. त्यात कबुतराने काचेवर अभिप्राय दिला. मी पाणी मारायचं बटण दाबलं. पाण्याऐवजी लाल तेलाची चिळकांडी उडाली आणि वायपरने ती काचभर सारवली. गिरगाव ते दादर मी खिडकीतून डोकं बाहेर काढून गेलो.

दौलतला फोन केला. तो बराच वेळ हसत होता.

"भाऊ, तुमच्या गाडीत स्टिअरिंगचं ऑइलच नसतंय. जुन्या गाड्यांत असायचं. हिच्यात दांड्याला विजेची मोटर हाय, ती जोर लावते."

"मग त्यांनी तेल कुठे घातलं?"

"वायपरच्या पाण्यात! आवशीचो घो! कायतरी घालाया पायजे ना, तुमी कॉफी प्यालात."

सोमवार, १४ एप्रिल

परळला दाताच्या डॉक्टरकडे. हलकं. मत नाही.

बुधवार, १६ एप्रिल

आज बैठक. दर बुधवारी आणि शनिवारी चार ते साडेसहा आमच्या दिवाणखान्यात अकरा-बारा मंडळी जमतात. मी विमा कंपनीतून निवृत्त झालो तेव्हापासून, नऊ वर्षं, एकही खाडा नाही. मी एक विषय मांडतो, मग चर्चा होते. चर्चेला सहसा वेळ उरत नाही. आजचा विषय होता 'संताप: एक विसरलेला सद्गुण'.

बेबी चार वाजता चहाचे दोन थर्मास आणि कोबी-कोलंबीच्या भानोल्याचं ताट मांडते आणि चंपाकडे जाते. चंपा तळमजल्यावर राहते. दोघी काहीतरी स्तोत्रं वगैरे म्हणत असाव्यात. मी त्यात पडत नाही. प्रत्येकाच्या श्रद्धेचा मी आदर करतो, फक्त जाहीरपणे करत नाही.

दौलतने लिहायला सांगितलं आहे म्हणून: गाडी वाडीतच उभी आहे. पाच गाड्यांच्या जागेत आम्ही नऊ गाड्या लावतो, त्यामुळे वाडीचा जुना नियम असा, की प्रत्येक गाडीची दुसरी किल्ली रामू वॉचमनच्या फळीवर टांगलेली असते. ज्याला बाहेर पडायचं त्याने समोरची गाडी काढावी, आपली काढावी, समोरची परत लावावी. परस्परविश्वासावर चाललेली या शहरातली ही शेवटची संस्था असावी.

या वाडीला मी शिस्त लावली आहे, हेही नोंदवतो. अठ्ठावीस वर्षांपूर्वी गणपतीच्या मांडवात जागरणाच्या नावाखाली पत्ते चालत. मी चाळीस मिनिटं बोललो. पत्ते हे रिकाम्या डोक्यांचं अफू आहे, हे माझं वाक्य अजून लोक सांगतात. त्याच रात्री सतरा कॅट गोळा करून चौपाटीवर बुडवले. त्यानंतर या वाडीत पत्ता दिसलेला नाही.

गुरुवार, १७ एप्रिल

सकाळी दहा, दादरला वाचनालयात जाताना. जड.

शनिवार, १९ एप्रिल

दौलत काहीही म्हणो, मत नसलेली वही म्हणजे मीठ नसलेलं लोणचं. मी तीन सिद्धांत मांडतो.

पहिला, पेट्रोलची भेसळ. पण सोमवारी तेच पेट्रोल असतं.

दुसरा, उन्हाळा. पण तो सोमवारीही असतो.

तिसरा माझ्या मते निर्णायक: भरती-ओहोटी. समुद्र इथून चालत दहा मिनिटांवर. भरतीला खारी हवा वर चढते, मोटरीत शिरते. मी भरतीचं वेळापत्रक मिळवून तारखा जुळवल्या. तीनपैकी एकदा जुळलं. बाकी दोन वेळा समुद्राची वेळ चुकली असावी.

जेवताना हे बेबीला समजावलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिली.

गुरुवार, २४ एप्रिल

रविवारी जड, आज पुन्हा जड. सरळ लालबाग गाठलं. दौलतने वही पाहिली. भरतीचं पान त्याने दोन बोटांनी उलटलं, ओलं फडकं उचलावं तसं. मग म्हणाला, "भाऊ, ह्या बघा. गुरुवार, रविवार. गुरुवार, रविवार. दुसरा वारच नाय. बुधवार-शनवारी काय असतं तुमच्याकडे?"

"बैठक."

"गाडीत?"

"घरी. गाडी खालीच उभी असते, तिला कुणी हातही लावत नाही."

त्याने बॅटरीला मीटर लावलं. ठीक. गाडी चालू करून लावलं. ठीक. मग त्याने मला समजावलं, आणि मान्य केलं पाहिजे, माझ्यापेक्षा कमी शब्दांत: उभ्या गाडीचं चाक वळवताना स्टिअरिंगची मोटर पुष्कळ करंट ओढते. बॅटरी उतरलेली असेल तर गाडीचा कॉम्प्युटर आधी स्टिअरिंगची मदत तोडतो, म्हणजे इंजिन तरी चालू राहावं. अर्धा तास गाडी चालली की बॅटरी भरते, आणि दौलतच्या दारात सगळं ठीक दिसतं.

"म्हंजे गाडी खोटं बोलत नाय. घरी उभी असताना कोणतरी करंट खातंय."

चोर! परत आलो आणि रामूला धरलं. "तुझा मोबाइल तू माझ्या गाडीत चार्ज करतोस?"

रामू म्हणाला, "साहेब, माझ्या केबिनमध्ये तीन प्लग आहेत. तुमच्या गाडीत कशाला जाऊ? तिकडे जागा कुठे असते?"

"जागा कुठे असते म्हणजे?"

"म्हणजे... पार्किंगला. जागा कुठे असते, साहेब. नऊ गाड्या."

बिचारा. उन्हाने त्याचंही डोकं फिरलं आहे.

गुरुवार, १ मे

आज परळच्या एका छोट्या सभागृहात कामगार दिनाचं भाषण होतं. वेळ साडेदहाची. विषय 'श्रम आणि स्वाभिमान'. आठवडाभर तयारी केली होती.

गाडी खोकत सुरू झाली. वाटेत बंद करायची नाही, असा निश्चय केला, आणि तिथेच चुकलो: बंद करून पुन्हा सुरू केली की दिवा जातो, हे विसरलो. पिवळा दिवा अखेरपर्यंत गेला नाही. लालबागच्या पुलाखालून आतल्या गल्लीत वळताना स्टिअरिंग अर्ध्यातच अडलं. गाडी गल्लीत आडवी. पुढे भाजीची हातगाडी, मागे बेस्टची बस. हातगाडी आणि माझा बंपर यांच्यात चार बोटं अंतर होतं, आणि त्या चार बोटांत भाजीवालीचं बोट होतं. लागलं नाही. पण तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही.

मग जनता जमली.

"काका, कापा! अजून कापा!"

"पूर्ण मारा लेफ्ट! लेफ्ट हो काका, जेवायचा नाय, दुसरा हात!"

"रिव्हर्स घ्या. थोडा. बस बस बस... गेला खांब."

"सोडा ना, काकांना जोर नाय. काकू नाय का सोबत?"

दोघांनी खिडकीतून हात घालून माझ्याबरोबर स्टिअरिंग ओढलं. सभागृहात पोचलो तेव्हा अकरा वीस झाले होते. 'श्रम आणि स्वाभिमान' ऐकायला सतरंजी गुंडाळणारे दोघे होते. मी त्यांच्यापुढे बोललो. त्यातला एक म्हणाला, "साहेब, जरा पाय उचला."

शुक्रवार, २ मे

अभिषेक स्वतः आला. भाजीवालीच्या बोटाची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती. सांगणारा मीच.

"पप्पा, बस झालं. पंधरा तारखेची वाट नाही बघायची. अँटॉप हिलचा माझा एक मित्र आहे, अनिश. त्याला शिकायला जुनी गाडी हवी आहे. अकरा तारखेला, रविवारी, तो बघायला येईल. त्याने नाही घेतली तर सरळ भंगारात."

मी प्रतिवाद करायला उभा राहिलो. पण त्याआधी स्वयंपाकघरातून आवाज आला.

"गाडी विकायची नाही."

बेबी दारात उभी होती, हातात डाव. एकेचाळीस वर्षांत तिने माझं वाक्य तोडलेलं मला आठवत नाही, आणि हे तर मी सुरूही केलं नव्हतं.

अभिषेक म्हणाला, "मम्मी, तुला काय करायची गाडी? तू तर चालवत पण नाहीस."

"नाही चालवत. म्हणूनच सांगते, विकायची नाही."

मी पुन्हा खाली बसलो. या गाडीत माझं काय गुंतलं आहे हे तिच्याशिवाय कुणाला कळणार?

बुधवार, ७ मे

दौलतने एक छोटं मीटर दिलं आहे. लाल वायर इथे, काळी तिथे, आकडा वहीत.

दुपारी तीन: १२.६. उत्तम.

संध्याकाळी सात: ११.९.

म्हणजे चोर दिवसाढवळ्या, चार ते साडेसहाच्या मध्ये येतो. या वेळेत मी सलग बोलत होतो आणि अकरा जण मला ऐकत होते, त्यामुळे आम्ही बाराही जण संशयातून मुक्त. उरते ती सगळी वाडी. रामू म्हणतो, त्याने कुणालाही पाहिलं नाही. हे सांगताना तो गाडीकडे पाठ करून उभा होता.

गुरुवार, ८ मे

दौलतला वाडीत बोलावलं. त्याने मागचं दार उघडलं, आत वाकला. वाऱ्याचं बटण दोनवर होतं. मी कधीच वारा लावत नाही. मी काच उघडतो, तत्त्व म्हणून. सीटवर शेंगदाण्याची सालं. सीटच्या फटीत कागदाचं एक चिठोरं होतं. दौलतने ते उचललं, वाचलं, खिशात घातलं आणि त्याला खोकल्याची उबळ आली. लालबागच्या हवेत फार धूळ आहे.

मग त्याने वर पाहिलं. बेबी गॅलरीत उभी होती.

"वैनी, चाय टाकता?"

मी खाली गाडीची पाहणी करत राहिलो. दौलत वर गेला तो चांगली पंधरा मिनिटं आलाच नाही. स्वयंपाकघरातून हसणं ऐकू आलं. दौलत विनोदी आहे खरा.

खाली आल्यावर म्हणाला, "भाऊ, एक आयकाल? तुमी बैठक दुसरीकडे घ्या."

"का?"

"म्हंजे घर जरा मोकळा होईल."

"दौलत, आपण स्टिअरिंगबद्दल बोलतो आहोत."

"मी पण," तो म्हणाला.

शनिवार, १० मे

हे नीट लिहायला हवं.

आज चोर पकडायचा ठरवला. विषय होता 'तटस्थांचा अपराध'. पावणेपाचला, वाक्याच्या मधोमध, मी थांबलो. अकरा जणांपैकी दोघे जागे झाले. "आलो," म्हणालो आणि काठी घेऊन खाली उतरलो.

गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती. चारही काचांना आतून टॉवेल लावलेले. वारा चालू असल्याची घरघर. काठी उगारली, आणि आतून आवाज आला:

"कोट! कोट दिला! चारही दश्श्या आमच्याकडे!"

चंपाचा आवाज. मेंढीकोट. म्हणजे पत्ते. माझ्या वाडीत, माझ्या गाडीत.

"काकू, तुम्ही चिटिंग करता," दुसरा आवाज. ही अपेक्षा, समोरच्या घरातली सून, जी घरून काम करते आणि जिला चार वाजता मीटिंग असते असं तिची सासू सगळ्यांना सांगते.

"चिटिंग कशाला, तिला पत्ते दिसतात. चष्म्यात." ही रखमा. आमच्याकडे पोळ्या करते. साडेतीनला "घरी जाते" म्हणून निघते.

आणि मग चौथा आवाज. खोल, घुमणारा, पुरुषी.

"बंधू-भगिनींनो! एकेचाळीस वर्षं मी थंड चहा पितो आहे. का? कारण तो गरम असतो तेव्हा मी बोलत असतो! मी विचारतो, हा अपराध कुणाचा?" इथे एक विराम. "चहाचा!"

गाडी हलली. अक्षरशः हलली. चार बायका आत हसत होत्या.

"व्यवस्थेचा म्हणा, काकू!"

"व्यवस्थेचा! आणि स्टिअरिंग जड झालं, तर तो अपराध कुणाचा? समुद्राचा! मी समुद्राला इशारा देतो..."

रखमा म्हणाली, "पुरे गं बाय, माझ्या पोटात दुखतंय."

मी काठी खाली केली.

वक्तृत्वातलं मला थोडं कळतं. 'कुणाचा' नंतर बेबीने जो विराम घेतला, तितका लांब धरायची माझी कधी छाती झाली नसती. मला भीती वाटते, तेवढ्यात कुणी उठून जाईल. तिच्यापुढे तीन माणसं होती आणि एकही जांभई देत नव्हतं. ते हसू मी ओळखलंच नाही आधी. मग आठवलं, लग्नानंतर पहिलं वर्ष-दोन वर्षं ती अशी हसायची. मी बहुधा तेव्हा एखाद्या विषयाची तयारी करत होतो.

वर आलो.

"कोण होतं?" मंडळींनी विचारलं.

"कुणी नाही. मांजर."

"बोलता बोलता मी कुठे होतो?" असं मी विचारलं. अकरा जणांपैकी एकालाही आठवेना. विषय सखोल असला की असं होतं.

रविवार, ११ मे

रात्रभर विचार केला. मीटर हाताशी होतं, चार्जर दौलतकडून आणता आला असता. आणला नाही. महिनाभर ज्या दोषाचा मी पाठलाग केला, तो आज सकाळी दहा वाजता जागेवर असावा, एवढीच इच्छा होती.

अनिश आला. बारीकसा, नम्र मुलगा. गाडी खोकली, सुरू झाली. त्याने स्टिअरिंग वळवायचा प्रयत्न केला. पिवळा दिवा लागला. इतकं सुंदर पिवळं मी पाहिलं नव्हतं.

"काका, ही गाडी आहे की जिम?" तो म्हणाला आणि घाम पुसत उतरला. पुढच्या दहा मिनिटांत तो वाडीत नव्हता.

"ठीक आहे," अभिषेक म्हणाला. "भंगार."

तेवढ्यात दौलत वाडीत शिरला, हातात दुसरी बॅटरी. त्याला कुणी बोलावलं कोण जाणे. मी बोलावलं नव्हतं. त्याने मीटर लावून अभिषेकला आकडा दाखवला, आपली बॅटरी जोडली, म्हणाला, "आता फिरवा." एका बोटाने स्टिअरिंग फिरलं. अभिषेक चौपाटीपर्यंत जाऊन आला. चेहरा पडलेला.

"एवढंच होतं? पण बॅटरी उतरते कशाने?"

रामू आभाळ बघत होता. दौलत बूट बघत होता. गॅलरीत बेबी, तिच्यामागे चंपा. मी चाळीस वर्षं व्यासपीठावर उभा आहे आणि तिथून कधी खोटं बोललेलो नाही. पण वाडी म्हणजे काही व्यासपीठ नव्हे.

"मागचं दार मी नीट लावत नाही," मी म्हणालो. "आतला दिवा जळत राहतो. चूक माझी."

अभिषेकने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "पप्पा, तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

"ऐकलंस ना."

"मम्मी, पप्पा 'चूक माझी' म्हणाले!"

बेबीने कठडा धरला होता.

दुपारी जेवताना मी विचारलं, "किती दिवस चाललंय?"

"काय?"

"दाराचा दिवा."

तिने माझ्या पानात भात वाढला. "मार्चपासून. आधी चंपाकडे बसायचो. मग तिचे हे रिटायर झाले. आता ते दिवसभर घरात असतात. बोलत."

"पत्त्यांबद्दलची माझी मतं तुला..."

"पाठ आहेत."

"घरी खेळा. बुधवारी दिवाणखाना तुमचा. बैठक मी दुसरीकडे नेतो." मला वाटलं, ती भारावेल.

"नको," ती म्हणाली. "घरात बसलं की बेल वाजते, मी उठते. कुकर होतो, मी उठते. तुम्ही चष्मा शोधता, मी उठते. गाडीत मला कुणी 'अगं ए' म्हणत नाही." मग थोड्या वेळाने, "सार घ्या. गरम आहे तोवर."

मी न बोलता घेतलं. गरम सार वेगळंच लागतं.

सोमवार, १२ मे

दौलतने नवी बॅटरी बसवली आणि रामूच्या केबिनमधून चार्जरची वायर गाडीपर्यंत आणली. "आता चार तास वारा लावू दे, स्टिअरिंग लोणी." हातात वही दिली, आत सीटच्या फटीतलं ते चिठोरं: चौघींची नावं आणि कोटांचा हिशेब. "हिचं काम झालं."

"राहू दे," म्हटलं. "सवय लागली आहे."

बुधवार, १४ मे

बेबीला मी स्वतःच सांगितलं, की आजपासून बैठकीचा चहा माझ्याकडे. तिने "नक्की?" असं विचारलं आणि माझं उत्तर ऐकायच्या आत चपला घातल्या.

अकरा माणसांचा चहा. पातेलं ठेवलं. मंडळी आली होती, म्हणून उकळी येईपर्यंत विषयाची प्रस्तावना करून घेतली. प्रस्तावना जरा लांबली. आत गेलो तेव्हा पातेल्यात काढा होता. तोच गाळून दिला.

एक जण म्हणाला, "हा चहा आहे की सभासदत्व रद्द केल्याची नोटीस?"

दुसऱ्याने विचारलं, "भानोलं कुठे आहे?" तिसऱ्यानेही तेच विचारलं. चर्चेला आज प्रथमच भरपूर वेळ मिळाला, पण विषय भानोलंच राहिला. पावणेसहालाच मंडळी उठली.

खाली उतरून पाहिलं. टॉवेल लावलेले. वायर जोडलेली. रामू खुर्ची टाकून पहाऱ्याला बसला होता. मला पाहून उठला. मी त्याला बसायची खूण केली आणि पावलं न वाजवता माघारी आलो.

गुरुवार, १५ मे

दादर. हलकं.

शनिवार, १७ मे

आज बैठकीला तिघे आले. उन्हाळ्यात लोक गावी जातात. तिघांपैकी एक लवकर निघाला, एक झोपला. उरलेल्या एकापुढे मी पूर्ण विषय मांडला. मध्ये एकदा, मुद्दाम, लांब विराम घेऊन पाहिला. त्या विरामात खालून चौघींचं हसू वर आलं. तो श्रोता म्हणाला, "खाली काय चाललंय? तिकडे जाऊ या का?"

"सभासद नसलेल्यांना प्रवेश नाही," मी म्हणालो.

तो गेल्यावर सूचना लिहून काढली. उद्या सकाळी जिन्याखालच्या फळ्यावर लावतो. मसुदा असा:

'बुधवार-शनिवार बैठकीच्या माझ्या बंधूंनो! नऊ वर्षं आपण या घरात विचार ऐकायला आलो की भानोलं खायला, हा प्रश्न मी तुम्हाला विचारणार नाही, कारण उत्तर मला परवा कळलं आहे. त्या नऊ वर्षांचा चहा ज्यांनी केला त्या आता बुधवारी आणि शनिवारी इतरत्र व्यग्र असतात आणि राहणार आहेत. माझ्या हातचा चहा तुम्ही प्यायलात. म्हणून एकच विनंती: येत्या बुधवारी चार वाजता येताना घरून चहा पिऊन या.

पण या.'